सुलभाताईंची पहिली लढत

आज सुलभाताई सरावाला आल्या आणि वाकून चपला काढताना त्यांनी नकळत बरगडी दाबून धरली.

पन्नाशीच्या सुलभाताई मी शिकवते त्या कराटेच्या वर्गात नव्या आहेत. परवा त्यांची समोरासमोर लढण्याची पहिलीच वेळ होती. "घाबरू नका, मी हळूच मारेन," असं सांगून मीच त्यांच्यासमोर उभी राहिले. त्यांचा एक ठोसा अचानक माझ्या गालावर बसला. बाकीच्या मुली हसल्या, आणि पुढच्याच क्षणी माझी लाथ त्यांच्या बरगडीवर जोरात बसली. त्या मटकन खाली बसल्या.

"माझंच चुकलं मॅडम, बचावाचा हात बाजूला गेला," त्या धापा टाकत म्हणाल्या.

हात बाजूला गेला नव्हता. तरी मी म्हणाले, "हो, हात अंगाजवळ ठेवायचा."

शिकवणाऱ्याचा राग शिकवण्याच्या नावाखाली किती सहज खपून जातो! समोरचा माणूस विश्वासाने उभा असतो, म्हणूनच तो खपतो.

आज सगळ्यांसमोर मी म्हणाले, "सुलभाताई, परवा तुमचा हात जागेवरच होता. मला राग आला होता."

त्या हातमोजे चढवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मला माहीत आहे, मॅडम."