आगाऊ हप्त्याचा दंड

“पैसे लवकर भरले म्हणून दंड?” मी तिसऱ्यांदा विचारलं.

“लवकर भरले म्हणून नाही सर. त्या-त्या महिन्यात भरले नाहीत म्हणून,” मॅनेजर म्हणाले.

मी तेव्हा नवीन जालन्यातल्या एका बँकेचा कॉन्करंट ऑडिटर होतो. म्हणजे वर्ष संपायची वाट न बघता दर महिन्याला शाखेचे व्यवहार तपासणारा सीए. फी बँकच देते, त्यामुळे काम अवघड. शाखेत नुकतेच कॉम्प्युटर बसले होते. माझ्यासमोर होती बदनापूरच्या गयाबाईंचं घर ताब्यात घेण्याची नोटीस, आणि स्वतः गयाबाई.

नवरा सरकारी शिपाई, म्हणून होम लोन मिळालेलं. हप्ते मात्र बाई भरायच्या, मेंढरं विकून.

“सायेब, मेंढरं इकली की पैसा घरात टिकत न्हाई, खर्च होतो,” त्या म्हणाल्या. “म्हणून चार-चार हप्ते संगंच भरते. मी तर पुढचं बी देऊन राह्यले, मंग थकले कुठं?”

मलाही कळेना. माझ्या हिशेबाने बाई कायम पुढेच होत्या, बँकेच्या हिशेबाने थकबाकीदार. पुन्हा केला, तेच. इतकी वर्षं हिशेब तपासणाऱ्या मला घाम फुटला, खोटं कशाला सांगू.

मग एकेक महिना घेऊन बसलो. कॉम्प्युटर दर महिन्याला एवढंच बघत होता, की या महिन्यात हप्ता आला का? चार हप्ते एकदम आले की एक त्या महिन्याचा धरायचा आणि बाकीचे नुसते मुदलातून वजा करायचे. पुढचे तीन महिने कोरे. म्हणजे तीन हप्ते चुकले, लावा दंडव्याज, पाठवा नोटीस.

“हे मी रिपोर्टमध्ये लिहिणार,” मी म्हणालो.

“बिलकुल लिहा. मार्चमध्ये तुमच्या नेमणुकीचं रिन्यूअल आहे, तेवढं लक्षात असू द्या.”

मला राग आला. रागाच्या भरात शाखेतली सगळी होम लोनची खाती काढायला लावली. असे आगाऊ भरणारे आणखी बरेच निघाले. सगळं रिपोर्टमध्ये लिहून पाठवलं. रीजनल ऑफिसचं उत्तर आलं की सिस्टीम बरोबर आहे, ग्राहकांची भरण्याची पद्धत चुकीची आहे. ते वाचून मी पुन्हा गोंधळलो. कर्जाचा करारनामा दोनदा वाचला. आगाऊ भरायला त्यात कुठेच बंदी नव्हती. त्याची झेरॉक्स जोडून हेड ऑफिसला पत्र टाकलं.

नोटीस मागे घेतली गेली. सगळ्यांचा दंड परत खात्यात आला. हेड ऑफिसच्या पत्रात चूक कबूल केली नव्हती, ‘सद्भावनेपोटी’ असं लिहिलं होतं. सॉफ्टवेअर तेच राहिलं. माझं रिन्यूअल झालं नाही.

गयाबाई पत्र घेऊन माझ्या ऑफिसात आल्या. “सायेब, आता पुढचे हप्ते कसे भरू?”

“महिन्याच्या महिन्याला. आगाऊ भरू नका.”

“पैसा हातात असून बी थांबायचं?”

“हो.”

लोकांना वेळेआधी पैसे भरा, असं सांगण्यात माझी सगळी प्रॅक्टिस गेली. आणि जी बाई ते मनापासून करत होती, तिला मीच बसवून उलटं शिकवलं.