लोंबती वायर

नोकरीच्या शेवटच्या तीन वर्षांसाठी मला घराजवळची पोस्टिंग मिळाली. बर्फ, वाळू आणि जंगल अशा सगळ्या शाळा करून मी आपल्या संभाजीनगरच्या छावणीत हजर झालो. घर मुकुंदवाडीत. स्कूटरला किक मारली की ड्यूटीवर. बायको म्हणाली, "आता तरी रोज दिसाल." मी सिग्नलचा सुभेदार. फौजेत कुणाचा आवाज कुणापर्यंत पोचवायचा, हे सिग्नलचं काम. पूर्वी ते तारेनं आणि वायरलेसनं व्हायचं, आता मधे कॉम्प्युटर आहे.

गणेशोत्सवात भाषणाला बोलावतात तेव्हा लोकांना माझ्याकडून सरहद्दीच्या गोष्टी हव्या असतात. त्या मी सांगतो. पण माझा सगळ्यात जवळचा माणूस गेला तो आपल्याच जिल्ह्यात, गोदाकाठी. तिथं गोळी चालली नव्हती. चुकला होता एक प्लग. ही गोष्ट स्टेजवरून सांगायला जमत नाही, म्हणून लिहितो आहे.

आमच्या कंपनीच्या सर्व्हर रूममध्ये दोन मशीन होती. बाहेर गेलेल्या तुकडीचा वायरलेस आधी यांच्यात यायचा आणि तिथून कंट्रोलच्या टेबलावर. काम एकच मशीन करायचं. ते पडलं तर दुसऱ्यानं उचलायचं. पोरांनी त्यांची नावं मोठी आणि धाकटी ठेवली होती. मोठीला वीज नव्या यूपीएसवरून होती. धाकटीची वायर मात्र भिंतीवरून लोंबत, दाराच्या चौकटीवरून वळसा घेत पलीकडच्या खोलीतल्या जुन्या बॅटरीपर्यंत जायची. दिसायला गबाळी होती, पण त्यामागं विचार होता. दोघींची वीज वेगळी, म्हणजे एकीचा दिवा गेला तरी दुसरीचा राहतो. हे ज्यानं केलं तो बदलून गेला होता. वायरीवर चिकटवलेली चिठ्ठीही कधीतरी गळून पडली होती.

हवालदार विलास खरात आमच्याकडं आला तेव्हा मला आनंद झाला. कन्नड तालुक्यातला गडी. उत्तरेत एका पोस्टवर आम्ही दोन हिवाळे एकाच बंकरमध्ये काढले होते. स्टोव्हवरचा चहा आणि घरची पत्रं आम्ही वाटून घेतली होती. वायर बांधण्यात त्याच्या हाताला तोड नव्हती. परेडला जवान ओळीत लागतात तेव्हा हुकूम असतो, दाहिने सज, म्हणजे उजवीकडं बघून ओळ सरळ करा. खरात वायरींनाही सज द्यायचा. दर चार बोटांवर एक प्लास्टिकचा टाय, सगळ्या टायांची तोंडं एकाच बाजूला. म्हणायचा, "साहेब, माणूस वाकडं चालंल एकवेळ, वायर नाय."

पावसाळ्याच्या तोंडाशी वार्षिक इन्स्पेक्शन ठरलं. इन्स्पेक्शन आलं की फौजेत झाडांच्या बुंध्यांनाही गेरू-चुना लागतो, तिथं सर्व्हर रूम कशी सुटेल? मी तेव्हा मुलीच्या साखरपुड्याच्या रजेवर होतो. आधी एक अधिकारी पाहणीला येऊन गेले आणि लोंबत्या वायरीकडं बोट दाखवून म्हणाले, "ये क्या लटक रहा है? कल तक नहीं दिखना चाहिए।" खरातला त्या खोलीत येऊन थोडेच दिवस झाले होते. त्याला वाटलं, जुन्या कुठल्यातरी जोडणीची राहिलेली वायर असेल. त्यानं ती उतरवली, गुंडाळून स्टोअरमध्ये ठेवली आणि धाकटीला मोठीशेजारच्याच बोर्डात लावलं. मग सगळ्या वायरी एका रंगाच्या करून मागच्या बाजूला असा सज दिला की बघत राहावं. इन्स्पेक्शनला आलेले जनरल साहेब रॅकमागं वाकून बघून म्हणाले, "ब्यूटिफुल." खरातला जागेवर शाबासकी मिळाली. संध्याकाळी त्यानं सगळ्यांना जिलेबी चारली. मोठी बंद करून धाकटी उचलते का, हे बघावं असं कुणाच्याही डोक्यात आलं नाही, रजेवरून परतल्यावर माझ्याही नाही. दोघींचे हिरवे दिवे लागलेले होते, त्यावर आमचं समाधान झालं.

पुढं गोदावरीला पूर आला. जिल्हा प्रशासनानं फौजेकडं मदत मागितली आणि सकाळी आमच्याकडून एक कॉलम निघाला. जवान, रबरी बोटी, दोर आणि वायरलेस ऑपरेटर म्हणून खरात. निघताना गाडीच्या फळीवरून वाकून तो मला म्हणाला, "साहेब, सांजच्याला जेवायला घरी या. मंगलनं दाळबट्टी करायची म्हणलीय." मंगल म्हणजे त्याची बायको. मी म्हणालो, "आधी कोरडा परत ये."

नदीकाठचं ते गाव पाण्यात होतं. तिथले मोबाइल टॉवर बंद पडले होते, त्यामुळं कॉलमशी आमचा संबंध फक्त वायरलेसवर. दुपारपर्यंत काम ठीक चाललं होतं. बोटी खेपा करत होत्या. खरात काठावर गाडीत बसून आकडे सांगत होता. बारा आणले. आठ आणले. एक म्हातारी तिची म्हैस सोडून यायला तयार नाही.

जेवणानंतर छावणीत विजांचा कडकडाट झाला आणि लाइट गेली. नव्या यूपीएसनं दोघींचा भार उचलला, पण तो एकीच्याच हिशेबानं घेतलेला. काही मिनिटांत त्यानं मान टाकली. जनरेटर चालू झाला होता, तरी ट्रिप झालेला यूपीएस वीज पुढं सोडेना. मोठी गेली. मी धाकटीकडं बघितलं. धाकटीही गेली होती.

तेवढ्यात कंट्रोलमधला फोन वाजला. पूर नियंत्रण कक्षातून निरोप होता: वरच्या धरणातून जादा पाणी सोडलं आहे, नदीतल्या सगळ्या बोटी ताबडतोब काठावर घ्या. मेजर साहेब, आमचे कंपनी कमांडर, धावत सर्व्हर रूममध्ये आले.

"जगताप साब, कितना टाइम?"

"देखता हूँ, सर।"

मी टॉर्च घेऊन रॅकमागं गेलो. दोन्ही काळ्या वायरी शेजारीशेजारी, अगदी समांतर, एकाच बोर्डात गेल्या होत्या. टायांची तोंडं एका बाजूला. तो हात मी कुठंही ओळखला असता.

स्टोअरमधून जुनी वायर आणायला जवान पळवला. तोवर धाकटीचा प्लग मोकळा करायचा होता. तोच निघेना. सगळ्या वायरी एका रंगाच्या, आणि दोन बोटं आत शिरणार नाहीत इतक्या घट्ट बांधलेल्या. मी चाकूनं एकेक टाय कापत सुटलो. मेजर साहेबांनी एक जीप आणि एक मोटरसायकल गावाकडं पिटाळली, पण रस्त्यातल्या पुलांवर पाणी होतं. ते पोचणार नाहीत हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

वायर जोडली. दिवा लागला. पण मशीन काही जवान नाही, ऊठ म्हटलं की उठायला. पडद्यावर अक्षरं सरकत राहिली. आम्ही दोघं त्यांच्याकडं बघत उभे राहिलो. शेवटी सर्व्हर रूममधल्या तपासणीच्या स्पीकरमध्ये खरखर झाली.

"कंट्रोल, कॉलम वन. रेडिओ चेक. ओव्हर."

तो बोलावतच राहिला होता. मी तिथलाच माइक ओढला.

"कॉलम वन, कंट्रोल. अर्जंट मेसेज. वरून पाणी सोडलंय. सगळ्या बोटी ताबडतोब काठावर. रीड बॅक. ओव्हर."

"वरून पाणी सोडलंय. सगळ्या बोटी ताबडतोब काठावर. रॉजर." मग तो कामाची भाषा सोडून बोलला. "साहेब, माझाच सेट बिघडला वाटलं मला. उंचावरून लागंल म्हणून सेट घेऊन बोटीतून शाळेच्या स्लॅबवर आलो. इथं पाच माणसं हायेत. तुमच्याकडं काय झालं व्हतं? ओव्हर."

काठावर बसायचं सोडून तो पाण्याच्या मधोमध गेला होता, आमचा आवाज शोधत.

"पॉवर गेली होती. ओव्हर."

"पण धाकटी होती ना? ओव्हर."

मी काहीतरी थाप मारायला हवी होती, असं मला अजून वाटतं. त्या घाईत सुचली नाही. मी म्हणालो, "दोघी एकदम गेल्या. दोघी एकाच बोर्डावर होत्या. तू आधी खाली उतर. ओव्हर."



"म्हंजे ती लोंबती वायर..." एवढं म्हणून तो थांबला. मग आवाज पुन्हा कामाचा झाला. "रॉजर. पाच माणसं घेऊन उतरतो. आऊट."

खरातचं ते शेवटचं बोलणं. बोट काठाकडं येत असताना पाणी चढलं आणि ती बुडालेल्या विजेच्या खांबावर आपटून उलटली. पाच गावकरी आणि बोट चालवणारा जवान दोराला धरून वाचले. खरातनं एका बाईला दोरापर्यंत ढकललं, हे त्या बाईनंच सांगितलं. तो दुसऱ्या दिवशी खालच्या गावात बाभळीला अडकलेला सापडला. मी ओळख पटवायला गेलो होतो. तिथं मी रडलो नाही. घरी येऊन जेवायला बसलो तेव्हा मी पोराबाळांसमोर रडलो.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. त्याच्या आदल्या दिवशी मंगलवहिनी माझ्या घरी आल्या. बसल्या नाहीत, चहा घेतला नाही.

"भाऊजी, लोकं म्हणत्यात, ह्यांच्याच हातून वायर चुकली. व्हय का?"

"व्हय, वहिनी."

"तुम्ही उद्या बोलू नका. पोरगी धावीला हाय. बापाच्या चुकीनं बाप मेला, असं तिनं जल्मभर ऐकायचं का?"

गप्प बसणं सोपं होतं. ती वायर कुणी हलवली हे स्वतः सांगू शकणारा माणूस राहिला नव्हता. वीज पडली, यूपीएस जळाला, एवढ्यावर भागलं असतं. मला खरातचा रागही येत होता. एक फोन करून विचारलं असतंस तर, गाढवा? रात्रभर मी कूस बदलत राहिलो. गप्प बसलो असतो तर खरातचं नाव राहिलं असतं, पण पुढच्या इन्स्पेक्शनला दुसऱ्या कुठल्यातरी खोलीत दुसरा कुणी खरात असाच सज देणार होता. सकाळी मी जे होतं ते सांगितलं. वायर खरातनं हलवली. तसा हुकूम आला होता. हलवल्यावर कुणी प्लग ओढून बघितला नाही.

मेजर साहेब माझ्यानंतर उभे राहिले. म्हणाले, हवालदारानं हात लावला, पण काम झाल्यावर ते तपासून घेणं माझं होतं आणि मी ते केलं नाही, हे माझ्या नावावर लिहा. पाहणीला आलेल्या अधिकाऱ्यांनीही आपला हुकूम नाकारला नाही. निष्कर्षात तिघांचीही नावं आली. वहिनींना कुणीतरी फक्त खरातचंच नाव सांगितलं. त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. रस्त्यात दिसल्या तरी पदर सावरून पलीकडून जायच्या. मला ते लागायचं, पण त्यांचं चुकत होतं असं म्हणायला जीभ वळत नव्हती.

इन्क्वायरी संपल्यावर मेजर साहेबांनी नियम केला. दर सोमवारी सकाळी सगळ्यांसमोर मोठीचा प्लग ओढायचा. धाकटीनं काम उचललं तर ठीक, नाहीतर ते सापडेपर्यंत कुणी नाश्त्याला जायचं नाही. नाव काय द्यायचं, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, "खरात टेस्ट." ते म्हणाले, "ठीक है।"

खरातची सामानाची काळी पेटी इन्क्वायरी पूर्ण होईपर्यंत स्टोअरमध्ये सीलबंद होती. ती न्यायला वहिनी आल्या तो सोमवार होता. मी पेटी व्हरांड्यात आणून ठेवली. खिडकीतून आतला आवाज आला. नव्यानं आलेला एक जवान, बहुधा लातूरकडचा, मोठ्यानं म्हणाला, "खरात टेस्ट! मोठी ऑफ!"

वहिनी दचकल्या. "काय म्हणाला तो?"

मी सगळं सांगितलं. प्लग का ओढतात ते, दर सोमवारी ओढतात तेही.

"त्या पोरानं ह्यांना बघितलं व्हतं?"

"नाय. त्यांच्यातल्या कुणीच नाय. सगळी नवी आहेत."

आतून पुन्हा आवाज आला, "धाकटी चालू. खरात ओके."

वहिनी खिडकीकडं बघत उभ्या राहिल्या. खूप दिवसांनी त्या माझ्याशी बोलत होत्या आणि मला त्यांच्याकडं बघायचं धाडस होत नव्हतं.

"परत एकदा करा म्हणावं," त्या म्हणाल्या.

टेस्ट आठवड्याला एकदाच करायची असते. मी आत गेलो आणि पुन्हा प्लग ओढायला सांगितलं. पोरानं माझ्याकडं बघितलं आणि प्लग ओढला. बाहेर आलो तेव्हा वहिनी पेटीची एक कडी धरून उभ्या होत्या. आतून तो ओरडला, "धाकटी चालू. खरात ओके." त्यांनी मान हलवली. मी दुसरी कडी धरली.