खंडेनवमीला निजवलेला कॉम्प्युटर

माझ्या आतेभावाचा पहिला कॉम्प्युटर मी निवडला. त्यातला एकेक भाग मी ठरवला, जोडलाही मीच, आणि तो राहिला त्याच्या घरी. एवढंच सांगितलं की ऐकणारे म्हणतात, भावासाठी बरंच केलंस की. पण त्या दिवसांत मला त्याचा इतका हेवा वाटायचा की त्याच्या घरचं अन्नही नीट गोड लागत नसे, हे कुणाला कसं सांगणार?

आम्ही धारवाडला राहायचो. वडील हायस्कुलात शिक्षक. आत्या हुबळीला दिलेली; तिच्या सासरचं भांड्यांचं दुकान, आणि घर जुन्या हुबळीत. आतोबांना सगळं घर अप्पा म्हणायचं, म्हणून मीही अप्पाच म्हणायचो. त्यांचा मुलगा माझ्याहून थोडा मोठा. दोघांची कॉलेजं हुबळीच्या विद्यानगरात, तो कॉमर्सला आणि मी इंजिनिअरिंगला. कॉलेजच्या मागे एका गाळ्यात तासावर गेम खेळायला मिळत. तिथं आम्ही एकाच खुर्चीवर अर्धे अर्धे बसून खेळायचो. नवीन शतकाची पहिली दोन-तीन वर्षं सरली असतील.

तेव्हा माझ्या डोक्यात एक कॉम्प्युटर तयार होत होता. कॉलेजच्या वाचनालयात कॉम्प्युटरचं एक मासिक येई, ते मी जाहिरातींसकट वाचून काढायचो. सकाळी धारवाडहून बस सुटली की प्रोसेसर ठरवायला घ्यायचो. वाटेतलं रायापूर येईतो तो ठरलेला असे. मग त्याला शोभेल असा मदरबोर्ड, मग रॅम. ग्राफिक्स कार्डाशी मात्र रोज गाडी अडायची, कारण दर महिन्याला मासिकात आधीच्यापेक्षा सरस कार्ड आलेलं असायचं आणि माझा आख्खा कॉम्प्युटर मला पुन्हा उकलावा लागायचा. घरी एकदा विषय काढला. वडील म्हणाले, "कॉलेजात आहेत ना? तिथं बसावं." ते चिडून बोलले असते तर मला भांडता आलं असतं. ते फार साधेपणानं बोलले.

श्रावण सरल्यावर एका शनिवारी मी आत्याकडे जेवत होतो. भाऊ शेजारीच होता. तो हळूच म्हणाला, "अप्पा कॉम्प्युटरला हो म्हणालेत."

"कशाला?"

"दुकानाचा हिशेब घालतो म्हटलं."

"आणि गेम?"

"त्यासाठीच की रे! पार्ट तू सांगायचेस. मला काय कळतंय त्यातलं?"

ताटातली भाकरी मी आमटीत बुडवून ठेवली होती ती तिथंच विरघळली. आत्या म्हणाली, "जेव की रे, कुठं लक्ष आहे?" मी मान हलवली. रायापुराच्या अलीकडे-पलीकडे मी जो कॉम्प्युटर जपून बांधत आणला होता, तो आता याच्या घरी उतरणार होता. वर तो मीच उतरवून द्यायचा होता.

नाही म्हणता आलं असतं. पण न निवडण्यापेक्षा निवडायला मिळणं बरं, असं मला वाटलं. भुकेल्यानं दुसऱ्याच्या लग्नात वाढप्या व्हावं तसं.

कॉम्प्युटरचे भाग विकणारं दुकान बाजारातल्या एका कॉम्प्लेक्सात, पहिल्या मजल्यावर होतं. आम्ही तिघं गेलो. अप्पांचा जन्म भांड्यांत गेलेला. पातेलं घेताना ते आधी तळहातावर तोलत आणि मग बोटानं टिचकी मारत. इथंही त्यांनी तेच सुरू केलं. वीजपुरवठ्याचा डबा तोलला, कॅबिनेटला टिचकी मारली, "पत्रा पातळ" म्हणून एक बाजूला सारलं. रॅमची पट्टी हातात दिली तेव्हा मात्र त्यांचा चेहरा पडला.

"हे? याला वजनच नाही की!"

दुकानदार हसून कन्नडात म्हणाला, "अप्पा, इदु तूकद माल अल्ल." हा तोलून घ्यायचा माल नव्हे.

"मग कशावर घ्यायचं?"

"या तुमच्या इंजिनिअरला विचारा."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तेवढा क्षणभर तो कॉम्प्युटर माझा होता. मी ज्याकडे बोट दाखवीन ते काउंटरवर येत होतं. मी बोलत गेलो, जरा जास्तच बोललो.

भावाला एकच गोष्ट मनापासून हवी होती. एका कॅबिनेटला बाजूनं काच होती आणि आतल्या पंख्यात निळा दिवा लागत होता. तो त्याच्यासमोर लहान मुलासारखा उभा राहिला. "हे घेऊ या?"

"दिव्यानं गेम चालतो काय?" मी म्हणालो. "त्यापेक्षा कार्ड चांगलं घे."

"तू म्हणतोस तर तसं," तो म्हणाला, आणि खरंच त्या निळ्या दिव्याकडे परत पाहिलं नाही.

खरं तर त्याला क्रिकेटचा आणि मोटारींच्या शर्यतीचा गेम हवा होता. त्याला साधं कार्ड पुष्कळ झालं असतं. मी निवडलेलं कार्ड बंदुकीच्या एका गेमसाठी होतं, आणि तो गेम पाच मिनिटं पाहिला की त्याला घेरी यायची. हे मला माहीत होतं. गाळ्यात कितीदा तो डोळे मिटून माझ्या शेजारी बसला होता.

ते कार्ड हुबळीत नव्हतं. बेंगळुरूहून मागवावं लागलं आणि खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आलं. दुकानदार म्हणाला, "इथंच जोडून, चालवून देतो." मी म्हणालो, "नको, घरी मी जोडतो." दुसऱ्या कुणाचा हात त्याला लागू नये असं मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याच्या बाहेरच्या खोलीत एका बाजूला पूजा मांडलेली. दुकानातला तराजू, भांड्यांवर नावं घालायची ठशांची हातोडी, विळी, अडकित्ता, शिलाई मशीन, सगळं धुऊनपुसून ठेवलेलं. दुसऱ्या बाजूला चादरीवर मी. भाऊ स्क्रू वेचून हातात देत होता. मदरबोर्ड बसला, प्रोसेसरवर पंखा बसला, कार्ड खाचेत जाताना टक् झालं. शेवटची झाकणपट्टी लावून मी बटणाकडे बोट नेलं.

"थांब!" आत्या ओरडली. "पूजा व्हायचीय."

"मग कर ना लवकर."

"पूजा झाली की उद्यापर्यंत उचलायचं नसतं रे. हत्यारं निजवायची असतात आज."

मी भावाकडे पाहिलं. त्यानं अप्पांकडे.

"हे हत्यार कुठलं, आत्या?" मी म्हणालो. "हे तर खेळणं."

अप्पांनी चष्म्यावरून पाहिलं. "खेळणं? मला तर हिशेबाचं यंत्र म्हणून सांगितलंय. खेळणं असेल तर आत्ताच परत करून येऊ."

"यंत्र, यंत्र!" भाऊ घाईनं म्हणाला. "अप्पा, यंत्रच आहे."

"मग यंत्र आज निजेल."

आत्यानं कॅबिनेटवर कुंकवाचं बोट ओढलं, झेंडूची माळ घातली. तिची नजर चुकवून मी पंख्याच्या जाळीवरच्या पाकळ्या वेचल्या. दुपारी पुरण खाऊन मी धारवाडची बस धरली. दसरा आपापल्या घरी करायचा असतो. म्हणजे उद्या सकाळी भाऊ बटण दाबणार. मी ठरवलेला प्रोसेसर, मी बसवलेलं कार्ड, आणि पडदा उजळताना पाहणार तो. त्या बसमध्ये मी पहिल्यांदाच काही निवडलं नाही. नुसता खिडकीबाहेर बघत बसलो.

दसऱ्याला आमच्याकडे शेजारीपाजारी बन्नीची, म्हणजे शमीची, पानं द्यायला येत. "बन्नी तगोंड बंगारदंग इरोण," असं म्हणत ती हातात ठेवत. बन्नी घेऊन सोन्यासारखं राहू या. मीही दारात उभा राहून तेच म्हणत होतो आणि मनात मागत होतो की तिकडे कॉम्प्युटर लागू नये. पंखा फिरू नये. भावानं पुन्हा पुन्हा बटण दाबावं आणि शेवटी मला फोन करावा. फोन कोपऱ्यात होता. सकाळभर मी त्याच्या आसपासच घुटमळलो. तो वाजला नाही. म्हणजे लागलाच असणार. मग त्याच्यावर राग धरून बसलो. एक फोन करवला नाही याच्याच्यानं?

चार वाजायच्या सुमाराला बाहेर स्कूटर थांबली. भाऊच होता. त्यानं माझ्या वडिलांना, म्हणजे त्याच्या मामाला, बन्नी देऊन नमस्कार केला, आईच्या हातचं काहीबाही खाल्लं आणि मला म्हणाला, "चल."

"लागला?"

"लावलाच नाही."

"का?"

"तू जोडलास, तुझ्याशिवाय कसा लावू?" मग हसला. "आणि काही जळलं तर अप्पांना दाखवायला कुणीतरी हवं की."

मला आनंद व्हायला हवा होता. मी स्कूटरवर त्याच्या मागे बसलो आणि वाटभर चिडलेला होतो. दिवसभर मी त्याला मनात काय काय म्हणालो होतो, आणि तो सकाळपासून त्या बटणासमोर हात बांधून बसला होता. त्याच्या जागी मी असतो तर थांबलो नसतो, हे मला रायापूर ओलांडताना स्पष्ट कळलं. त्याच्याकडे कॉम्प्युटर होता, दुकान होतं, आणि वर हेही होतं.

घरी सगळी जमली होती. मी भावाला म्हणालो, "दाब."

"तू दाब. मी हाताला हात लावतो."

पूजेला एकजण बसतो तेव्हा घरातली बाकीची त्याच्या हाताला हात लावतात. मग ती पूजा सगळ्यांची होते. भावानं माझ्या मनगटाला बोटं लावली. आत्यानं त्याच्या कोपराला हात लावला. अप्पा म्हणाले, "मग मी काय पाप केलंय?" आणि त्यांनी आत्याच्या खांद्यावर बोट टेकवलं. सगळी हसली. मी बटण दाबलं. पंखा फिरला, आतून एकदा बीप झालं आणि पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. आत्यानं टाळ्या वाजवल्या.

त्या वेळी माझ्या मनात एकच गोष्ट होती. मनगटावरचा तो हात त्यानं काढावा.

पुढची दोन-तीन वर्षं शनिवारी मी त्यांच्याकडे जायचो. भाऊ खुर्ची द्यायचा आणि स्वतः पलंगावर आडवा पडायचा, बंदुकीचा गेम लागला की भिंतीकडे तोंड करायचा. त्याच्या कॉम्प्युटरवर त्याच्यापेक्षा मी जास्त खेळलो. तरी निघताना मी तो बंद करायचो तेव्हा दर वेळी वाटायचं, हा इथं राहणार.

नोकरी लागल्यावर मी माझा घेतला. धारवाडातल्या त्याच घरी, माझ्या पगारातून. आता बसमध्ये ठरवलेलं खरोखर विकत घ्यायचं होतं. मजा वाटण्याऐवजी मी फार वेळ लावला. प्रत्येक भाग भावाच्या कॉम्प्युटरपेक्षा सरस हवा, एवढाच निकष उरला होता. आणि कॅबिनेट काचेचं घेतलं, पंख्यात निळा दिवा असलेलं. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही.

धनत्रयोदशी तोंडावर आली होती. अप्पांचे गुडघे गेल्यामुळे भांड्यांचं दुकान आता भाऊच बघायचा, आणि त्या आठवड्यात तिथं पाय ठेवायला जागा नसते. दुपारी जोडणी संपली. मी त्याला फोन लावला. मागे भांड्यांचा खणखणाट ऐकू येत होता.

"झाला जोडून?" तो जोरात म्हणाला. "लावू नकोस हं! दुकान मिटवून येतो. थांबशील ना?"

"थांबतो की."

"हाताला हात लावायचाय मला."

फोन ठेवला. घरात आई-वडील झोपले होते. मी त्या कॉम्प्युटरसमोर बसलो. थोडा वेळ बसलो, खरंच. वाटलं, याला एकदा तरी माझ्या एकट्याचा हात लागू दे. मग बटण दाबलं. निळा दिवा लागला. सगळं ठीक चाललं. मी गेम घातला, खेळत राहिलो. दिवेलागणीनंतर स्कूटरचा आवाज आला तेव्हा कॉम्प्युटर घाईघाईनं बंद केला, खुर्ची मागे सारली आणि दार उघडायला गेलो.

भाऊ घामाघूम झाला होता. हातात मिठाईचा पुडा. आत येऊन कॉम्प्युटर पाहिला आणि त्याचा चेहरा उजळला. "दिव्याचा घेतलास की रे!"

"हो," मी म्हणालो.

त्यानं वाकून काचेतून आत पाहिलं. मग एवढी वर्षं दुकानात लागलेल्या सवयीनं कॅबिनेटवर तळहात ठेवला, आणि दुसऱ्या हाताचं, टिचकी मारायला उचललेलं बोट तसंच राहिलं. पत्रा गरम होता. तळहात त्यानं लगेच काढला नाही. माझ्याकडेही पाहिलं नाही.

मग शर्टाला हात पुसला आणि म्हणाला, "चल, दाब."

त्यानं माझ्या मनगटाला बोटं लावली. मी बटण दाबलं. दिवा लागला तेव्हा तो टाळ्या वाजवून हसला, पहिल्यांदाच पाहिल्यासारखा.