रविवारी ग्राझला

माझा नवरा कुवेतमध्ये शुऐबा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात शटडाऊनचं, म्हणजे दुरुस्तीसाठी कारखाना बंद ठेवतात त्या दिवसांचं, वेळापत्रक आखतो. कुठल्या तासाला कोण कुठला नट आवळणार हे त्याच्या कागदावर असतं, त्यामुळे आमच्या सहलीही तशाच होतात. मिलानला उतरायचं, भाड्याची गाडी घेऊन ऑस्ट्रियात शिरायचं आणि पाचव्या दिवशी सकाळी नऊला ग्राझ. लेक तिथे पुढचं शिकायला राहणार होती. वसतिगृहाच्या ऑफिसातून किल्ली घ्यायची, तिचं बस्तान बसवायचं, संध्याकाळी आम्ही दोघं व्हिएन्नाला आणि दुसऱ्या दिवशी विमानानं कुवेत. मला युरोपाशी काही देणंघेणं नव्हतं. लेकीची खोली माझ्या हातानं लावायची, एवढ्याचसाठी मी आले होते. डिकीत कुकर, पोळपाट, गोधडी, मसाल्याचा डबा, सगळं कोंबलं होतं.

वाटेत मजा आली, नाही म्हणत नाही. कुवेतच्या सरळसोट रस्त्यांवर वीस वर्षं गाडी हाकलेल्या माणसाला डोंगरातलं प्रत्येक वळण म्हणजे अपमान वाटत होता. "अहो, हळू!" हे मी इतक्यांदा ओरडले की घसा बसला. धबधब्यापाशी सात मिनिटं मिळाली. आठव्या मिनिटाला हॉर्न.

ग्राझ दिसलं आणि माझा राग पळाला. लाल कौलं, मधून वाहणारी नदी, टेकडीवर घड्याळाचा मनोरा, खिडक्यांत फुलं. रस्त्यावर चिटपाखरू नाही.

"किती शांत गाव आहे!" मी म्हणाले.

"आणि बरोब्बर नऊ," नवरा म्हणाला.

वसतिगृहाच्या ऑफिसला कुलूप. बेल वाजवली, काच ठोकली. शेवटी कुत्रं फिरवणारी एक बाई थांबली आणि म्हणाली, आज रविवार आहे ना, उद्या या.

आम्ही तिघं एकमेकांची तोंडं बघत राहिलो. कुवेतमध्ये सुट्टी शुक्रवारी-शनिवारी. रविवार म्हणजे डबे, शाळा, ऑफिस. हे इतकं अंगात मुरलेलं, की ऑफिसची वेळ तिघांनी वाचली आणि वार एकानंही नाही.

"डोंबलाचं वेळापत्रक!" मी भर रस्त्यात कडाडले. "उद्या आपलं विमान, उद्याच किल्ली. एकटी पोर सामान ओढत नेणार?" तो बिचारा नुसता कागद उलटसुलट करत होता. मग मला रडूच फुटलं, चक्क फुटपाथवर बॅगेवर बसून.

लेकीनं हाताला धरून उठवलं. "मम्मी, चिल. पूर्ण दिवस फ्री आहे आपल्याला."

दुकानं बंद, म्हणून उरलेल्या दशम्या खाल्ल्या. पायऱ्या चढून मनोऱ्यापाशी गेलो, तर त्या घड्याळात मोठा काटा तास दाखवतो आणि छोटा मिनिटं! नवऱ्याचा चेहरा बघून लेक हसून हसून खाली बसली. इतक्या वर्षांत आम्ही तिघं असे बिनकामाचे कधी भटकलोच नव्हतो.

संध्याकाळी तिला सामानासकट एका छोट्या हॉटेलात सोडलं. मग आम्ही दोघं व्हिएन्नाला निघालो.

मंगळवारी कुवेतला, फहाहीलच्या आमच्या घरी, तिचा व्हिडिओ कॉल आला. टेबल, खिडकी, पुस्तकांशेजारी मसाल्याचा डबा. सगळं एकटीनं लावलं होतं. शाबास म्हणायचं सोडून मी म्हणते काय, "अगं, चादर उलटी घातलीयस."

"मग ये ना," ती म्हणाली, "ये आणि नीट घाल." आणि तोंड दिसू नये म्हणून तिनं फोन छताकडे वळवला.