उशिराचं कारण

परभणीला तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं. विषय होता नेतृत्व आणि व्यवस्थापन. हिवताप कार्यक्रमातल्या आम्हा पर्यवेक्षकांना आता पुढारीपण शिकवणार म्हटल्यावर पहिल्या दिवशी मी मागच्या बाकावर बसून जांभया दिल्या. तिसऱ्या दिवशी मात्र अंगात आल्यासारखा परत निघालो. सोबत एक फाइल, एक पेन आणि रंगीत तक्त्याची युक्ती. ज्या आरोग्य सेवकाने महिन्याचे ठरलेले रक्तनमुने घेतले तो हिरवा, थोडा मागे तो पिवळा, फार मागे तो लाल. तक्ता भिंतीवर लावला की माणसं आपोआप कामाला लागतात, असं तिथल्या सरांनी सांगितलं होतं. लाल माणसाला सगळ्यांसमोर उभं करायचं, ही भर माझी.

आरोग्य सेवकाचं काम ऐकायला सोपं आहे. गावात घरोघर जायचं, कुणाला ताप येऊन गेला का विचारायचं, गेला असेल तर बोटाला टोचून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा. ती पट्टी प्रयोगशाळेत तपासली जाते आणि हिवतापाचे जंतू दिसले तर औषध सुरू होतं. गावात ताप नसेल तर नमुने आणायचे कुठून, हे बैठकीत विचारायची कुणाची छाती नव्हती. तशी छाती होऊ नये याची काळजी मी घेत असे.

भाद्रपदातल्या बैठकीत एकच जण लाल निघाला. चाळिशीचा, मानवतकडचा, मुळातच कमी बोलणारा. मी त्याला उभं केलं. तो उठला आणि समोरच्या खुर्चीची पाठ धरून उभा राहिला.

"खुर्ची सोडा," मी म्हणालो. "पानटपरीवर उभे आहात का?"

दोघं-तिघं हसले. त्याने हात काढून घेतला.

"सर, गावात ताप न्हाई सध्या."

"ताप नाही, की तुम्ही जात नाही?"

या वाक्यावर मी स्वतःच खूश झालो. घरी जेवताना बायकोलाही ते ऐकवलं. ती भाजी वाढत राहिली.

आठवडाभरात प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ बाईंचा फोन आला. सात नमुन्यांत जंतू सापडले होते. सगळे वालूरच्या रस्त्यावरच्या एकाच गावातले, त्याच लाल माणसाचे. आमच्याकडे वर्षात एखादा रुग्ण निघाला तरी धावपळ होते, इथे तर सात. माझ्या तोंडचं पाणी पळालं. पण खरं सांगायचं तर आतून थोड्या गुदगुल्याही झाल्या. बघा, उभं केल्यावर कसं काम झालं!

"सर, एक सांगायचं होतं," बाई म्हणाल्या. "सातही नमुने मला जरा..."

"नंतर, मॅडम," म्हणून मी फोन ठेवला. मला वर कळवायचं होतं, जीप मागवायची होती, धुराचं मशीन मिळवायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही गावात पोचलो. तोही सोबत होता, जीपमध्ये अगदी मागे, एवढ्या उकाड्यात स्वेटर घालून. स्वेटर मला दिसला. नखरे आहेत, असं मनात म्हणालो आणि पुढच्या काचेतून रस्ता बघत राहिलो.

यादीतलं पहिलं घर एका तरण्या सुनेचं होतं. सासूने बाज टाकली आणि आम्ही आल्याचं कारण ऐकून चक्रावून गेली.

"सायेब, सुनेला ताप न्हाई आला बगा. अन् रगत कवा घेतलं तिचं?"

"कधीकधी आतल्या आत असतो, मावशी," मी ठोकून दिलं आणि गोळ्यांची पाकिटं काढली. त्यातली एक गोळी गरोदर बाईला द्यायची नसते. आधी तसं विचारायचा नियम मला तोंडपाठ होता, घाईत मी विचारलंच नाही. सुनेने पदर सावरून हात पुढे केला.

"सर, देऊ नका तिला."

तो दाराच्या चौकटीला टेकून उभा होता.

"तिसरा महिना चालूय तिला. अन् रक्त तिचं न्हाई. सातीच्या साती माजं हाय."

मला आधी उमजेना. मग उमजलं आणि डोकंच फिरलं. बैठकीच्या दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःचंच बोट टोचून सात पट्ट्या केल्या होत्या आणि त्यांवर गावातली सात नावं लिहिली होती. मी अंगणात येऊन त्याला वाटेल ते बोललो. नोकरी घालवीन म्हणालो. त्याचे दात वाजत होते, आणि तेव्हा कुठे मला शुद्ध आली. रक्त त्याचं, तर हिवतापही त्याचाच.

आरोग्य केंद्रात नेऊन मी स्वतः त्याचं बोट टोचलं. बाईंनी पट्टी तपासली आणि मान डोलावली. "हेच सांगत होते, सर. सातही पट्ट्यांवर जंतू अगदी सारखेच, नमुने एकाच माणसाचे वाटत होते." औषध सुरू झालं. मग मी रुग्णाचा फॉर्म भरायला घेतला. नाव, वय, गाव. तापाची सुरुवात कधी?

"मीटिंगच्या दिवशी, सर. सकाळपासनंच."

"मग बोलला का नाहीत?"

"खुर्ची धरली व्हती की."

माझा पेन तिथेच थांबला. गावात दारोदार ताप विचारणाऱ्या माणसाला आमच्यापैकी कुणीच कधी विचारत नव्हतं. मला लाज वाटली. ती आजही वाटते.

फॉर्मच्या शेवटी एक रकाना असतो, निदानास उशीर होण्याचे कारण. तिथे आम्ही वर्षानुवर्षं एकच वाक्य लिहीत आलो आहोत, रुग्णाने ताप अंगावर काढला. हातच तसा वळतो. मी तेच लिहिलं, मग खोडलं आणि खाली लिहिलं, पर्यवेक्षकाने विचारले नाही.

सात खोट्या नमुन्यांचंही खरं ते कळवलं. त्याला लेखी ताकीद मिळाली. मला वरून फोन आला की त्या रकान्यात असलं काही लिहायचं नसतं, दुरुस्त करून पाठवा. मी तोच फॉर्म पुन्हा पाठवला.