चिंतेच्या बाकावरचा असाहेल

असाहेल टटल पिंपं जोडायचा. आमच्या कालव्यावरून पीठ भरून जाणारं त्याचं पिंप कुठं गळलं, असं कधी ऐकिवात नाही. तो पिंपांच्या कारखान्याचे मालक बर्चर्ड यांच्या माळ्यावर झोपे, त्यांच्याच टेबलावर खारं मांस नि घेवडा खाई. सकाळी अकराला मालक स्वतः सगळ्यांना व्हिस्की ओतत. पहिला घोट त्यांचा.

मग कालव्यात बोटी वाढल्या, मालकांनी टेकडीवर घर बांधलं, आणि त्या हिवाळ्यात एक प्रवचनकार आला. पाच दिवसांत मालक रडले आणि पापातून तरले. व्हिस्की कालव्यात गेली, कारागीर पलीकडच्या भाड्याच्या खोल्यांत गेले. वर नियम झाला, ज्याचा आत्मा तरला त्यालाच काम.

चर्चमध्ये सगळ्यांत पुढं चिंतेचा बाक होता. पाप्यानं तिथं बसायचं, लोकांनी प्रार्थना करायची, पाप्याला रडू फुटलं की झाला तो तरलेल्यांच्या मंडळीत. असाहेल बसला. शेजारचा गाडीवान हायरम उन्मळून रडला. असाहेल कोरडा.

"काय वाटलं?" मालकांनी विचारलं.

"बाक जरा आखूड आहे, मालक."

"अरे, आत काय वाटलं?"

"आत काही नाही."

हायरम म्हणाला, "लेका, दोन टिपं गाळ की. कांदा देऊ का चोळायला?"

"देवाला वास येईल," असाहेल म्हणाला. "पुढच्या रविवारी परत बसतो."

इथं मालकांची पंचाईत झाली. न तरलेल्याला कामावर ठेवता येईना, आणि तरायला बसलेल्याला हाकलायचं कसं? असाहेल अकरा वर्षं बसला. माझं लहानपण त्याची पाठ बघण्यात गेलं. बायका त्याचं नाव घेऊन प्रार्थना करत, मग सवयीनं करत, मग नुसतं नाव घेत.

बाराव्या वर्षी पिंपाच्या फळ्या कापायचं यंत्र आलं. ते चालवायला नवी माणसं आली, त्यांच्या आत्म्याची चौकशी कुणी केली नाही. मालक असाहेलला म्हणाले, "आता तुझी गरज नाही रे."

"बरं," म्हणून त्यानं हत्यारं गुंडाळली.

रविवारी बघतो तर गडी बाकावर. प्रार्थना संपल्यावर मी गाठलं. "काका, आता कशाला? काम तर गेलं."

"म्हणूनच. इतकी वर्षं कामासाठी बसलो. म्हटलं, आता सवड आहे, बघू काही वाटतंय का."

"मग?"

त्यानं टोपी घातली. "अजून नाही," म्हणाला.