माझी मतं ठाम आहेत

माझ्या मैत्रिणीचा परिचय करून द्यायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी प्राचार्यांना म्हटलं, "सर, या वेळी दुसऱ्या कुणाला तरी सांगा." ते म्हणाले, "मॅडम, तुमच्यासारखं बोलणारं आहे का आपल्याकडे दुसरं कुणी?" नव्हतं. लोणारच्या ज्या कला महाविद्यालयात मी बी.ए. केलं, तिथेच मी आता तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. म्हणजे दरवर्षी सत्र सुरू होताना नव्याने अर्ज करते आणि नव्याने वाट बघते. माइक मात्र कायमस्वरूपी माझ्याच हातात असतो. स्नेहसंमेलन असो, निरोप समारंभ असो, की तपासणी समिती येणार म्हणून घाईघाईने भरवलेला माजी विद्यार्थी मेळावा असो. या मेळाव्याची प्रमुख पाहुणी तीन वर्षं माझ्या शेजारी बाकावर बसलेली होती. ती पुण्यात एका संस्थेत मुलांसाठी विज्ञानाची पुस्तकं तयार करते. मी तिच्यावर जळते. हे पुढे कुठेतरी कळणारच आहे, तेव्हा आधीच सांगून टाकलेलं बरं.

मी सुलतानपूरची. चौथीत असताना विहारापुढच्या जयंतीच्या मंडपात मी पहिलं भाषण केलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवसापासून आमच्या बाबांचं एक वाक्य ठरून गेलं, "बोलणाऱ्याची माती खपते, न बोलणाऱ्याचे गहूबी खपत नाहीत." मी बोलत राहिले. कॉलेजात आल्यावर तर जिल्ह्यातली एक वक्तृत्व स्पर्धा सोडली नाही. हात कधी उचलायचा, आवाज कधी खाली आणायचा, कोणत्या वाक्यानंतर टाळीसाठी थांबायचं, सगळं मला येत होतं. सलग दोन वर्षं फिरती ढाल आमच्याच कॉलेजात राहिली, ती माझ्यामुळे.

मैत्रीण लोणारचीच. तिच्या अब्बांचं बांगड्यांचं दुकान होतं. स्पर्धेला ती माझ्यासोबत यायची, माझी पर्स आणि पाण्याची बाटली सांभाळत मागे बसायची. स्वतः कधी स्टेजवर चढली नाही. वर्गात मात्र अवेळी प्रश्न विचारायची. तास संपायला आला, सगळ्यांनी वह्या मिटल्या, की हिचा हात वर. सर वैतागायचे. मला तेव्हा तिची थोडी कीव यायची. तिला योग्य वेळी योग्य ते बोलता येत नाही, असं मी समजत होते.

तिसऱ्या वर्षी भूगोलाच्या सरांनी आम्हा दोघींना पुण्याजवळच्या एका कॉलेजबद्दल सांगितलं. बी.ए. झालेल्या मुलामुलींना तिथे राहून पुढे शिकता येतं. साहित्य, इतिहास, विज्ञान, गणित असं सगळं एकत्र शिकवतात आणि निवड झाली तर फी नाही. निवड मुलाखतीवर. मुलाखत म्हटल्यावर मी निश्चिंत झाले. तोंडाने करायची गोष्ट होती आणि तोंड माझं होतं. मी दोन भाषणं पाठ केली, एक लोणारच्या तळ्यावर आणि एक ग्रामीण स्त्रीच्या शिक्षणावर. मैत्रिणीला म्हटलं, "तुले पण एक लिहून देऊ का?" ती म्हणाली, "नको व, माह्या ध्यानात नाही राहत."

देऊळगाव राजावरून जालना, तिथून पुणे, असे आम्ही तिच्या अब्बांसोबत गेलो. एका लहानशा खोलीत टेबलामागे तीन माणसं बसली होती. मी आत गेले, उभी राहिले आणि म्हणाले, "सन्माननीय परीक्षक महोदय आणि इथे जमलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो." तिथे जमलेलं कुणी नव्हतं. एक बाई हसू दाबत म्हणाल्या, "बस ना." मी बसले. वक्तृत्वात बसून बोलायची सवय नसते, हात कुठे ठेवावेत तेच कळेना. तरी तळ्यावरचं भाषण मी पूर्ण केलं. टाळीच्या जागी थांबलेसुद्धा. मग त्या बाईंनी विचारलं, "गेल्या तीन वर्षांत तुझं कुठलं मत बदललं?"

मी ताठ मानेने सांगितलं, "मॅडम, माझी मतं ठाम आहेत."

मला ते उत्तर आवडलं होतं. बाहेर येताना मला वाटलं, खिशात आहे निवड.

परतीच्या बसमध्ये मैत्रीण तिची मुलाखत सांगत होती. "मले तळ्याचं इचारलं. मी म्हटलं, वर धारेच्या झऱ्याचं पाणी गोडं, अन् तेच खाली तळ्यात गेलं का खारं. काऊन, ते मले नाही माहीत. घरी इचारलं तं अब्बालेबी नाही माहीत. सरले इचारलं तं सर म्हणे, परीक्षेत नाही येत." तिकडे ती तिघं हसली म्हणे, आणि मग अर्धा तास खाऱ्या पाण्यावरच बोलत बसली. मी विचारलं, "अन् मत बदललं का म्हणून इचारलं का?" ती म्हणाली, "हाव. मी म्हटलं, पह्यले मले वाटे का जो बोलते त्यालेच समजते. आता तसं नाही वाटत." हे सांगून तिने माझ्या ओंजळीत शेंगदाणे ओतले. तिच्या मनात काही नव्हतं, हे मला माहीत आहे. असतं तर मला सोपं गेलं असतं.

तिची निवड झाली, माझी नाही. मी बाहेरून एम.ए. केलं, सेट परीक्षा पास झाले, आणि आमच्याच कॉलेजात परत आले ते फळ्याच्या दुसऱ्या बाजूला उभी राहायला. ती दर सुटीत यायची आणि दर वेळी थोडी निराळी असायची. एकदा तिला चष्मा लागला होता. एकदा ती मला म्हणाली, "मी चुकत होती यार त्या बाबतीत," आणि हे वाक्य तिने चहा मागावा इतक्या सहज म्हटलं. तिच्या नोकरीचा मला हेवा वाटला, तिच्या पुण्याचाही वाटला, पण खरं पोटात दुखलं ते या वाक्याने. मी तसं कधी कुणाला म्हटलेलं मला आठवेना.

तर मेळाव्याच्या दिवशी मी परिचय करून दिला. चारोळी म्हटली, टाळी घेतली, सभागृह जागं केलं. ती उठली, प्राचार्यांनी दिलेलं रोप काखेत धरूनच पाच-सात मिनिटं बोलली, तेही घरी बोलते तसं. पोरं पुढे सरकून ऐकत होती. माझ्या भाषणाला पोरं टाळ्या वाजवतात, पुढे सरकत नाहीत. खाली उतरल्यावर तिने माझा दंड धरला, "तू तं अजूनही तशीच बोलतं व. काहीच फरक नाही." ती कौतुकाने म्हणाली. दिवसभर ते वाक्य माझ्या अंगात कुसळासारखं टोचत राहिलं.

त्यात आमच्या तिसऱ्या वर्षाची एक मुलगी तिच्यापाशी गेली. माझ्याच गावची. पहिल्या वर्षी हजेरीला "यस मॅडम" म्हणतानाही अडखळायची. तिला मी उभं केलं, हात उचलायला शिकवलं, आवाज खाली आणायला शिकवलं. दुसऱ्या वर्षी ढाल तिनेच आणली होती. आता तिलाही पुण्याजवळच्या त्याच कॉलेजात जायचं होतं. मुलाखतीसाठी तिने तळ्यावर भाषण बसवलं होतं आणि आठ दिवसांपूर्वी मला म्हणून दाखवलं होतं. "सन्माननीय परीक्षक महोदय" पासून सगळं. थांबायच्या जागासुद्धा माझ्याच. मी "छान" म्हणाले होते.

तिने मैत्रिणीला विचारलं, "मॅडम, मुलाखतीत काय बोलावं लागते?" मैत्रीण हसून म्हणाली, "तुह्या मॅडमलेच इचार. आम्ही दोघी संगंच गेलो होतो." आणि प्राचार्यांनी हाक मारली म्हणून ती चहाला निघून गेली.

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. हे तिला मी कधी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "उद्या बोलू."

त्या दिवशी घरी जाताना बसमध्ये माझ्या मनात जे होतं ते असं. त्या मुलीचं व्हावं, असं मला वाटत होतं. तिचं होऊ नये, असंही वाटत होतं. तिने भाषण म्हणावं, परत यावं, बाहेरून एम.ए. करावं आणि स्टाफरूममध्ये माझ्या शेजारची खुर्ची घ्यावी, म्हणजे मग मी एकटी उरले नसते. मला काही करायचीही गरज नव्हती. "छान" तर मी आधीच म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर मी तिला थांबवलं. म्हटलं, "ते भाषण विसर."

"काऊन मॅडम? तुम्ही तं छान म्हटलं होतं."

"मी चुकत होते," मी म्हटलं. वाक्य तोंडातून निघायला जड गेलं, पण निघालं. मग मी तिला खुर्चीत बसवलं, हात मांडीवर ठेवायला सांगितले आणि विचारलं, "गेल्या तीन वर्षांत तुझं कुठलं मत बदललं?" ती बराच वेळ गप्प बसली. एरवी मी ती शांतता भरून काढली असती. त्या दिवशी वाट बघितली. शेवटी ती म्हणाली, "आधी वाटे का घाबरणं म्हणजे वाईट असते. आता घाबरूनबी बोलतो मी, तं ते वाईट नसंन." मुलाखतीपर्यंत रोज आम्ही असे बसलो. मी विचारायची, ती गप्प बसायची, मग बोलायची. तिची उत्तरं दिवसेंदिवस चांगली होत गेली आणि मला दिवसेंदिवस जास्त वाईट वाटत गेलं.

तिची निवड झाली. प्राचार्यांनी सत्कार ठेवला, सूत्रसंचालन अर्थातच माझं.

ती निघाली त्या दिवशी मी लोणारच्या बसस्टँडवर गेले. तिची आई बॅग वर चढवत होती. गाडी सुटायला वेळ होता. मुलगी खाली उतरून माझ्यापाशी आली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, एक इचारू? तुम्हीबी गेल्या होत्या ना मुलाखतीले. मंग तुमचं काऊन नाही झालं?"

स्टँडवर चांगली गर्दी होती, पण माइक नव्हता.

"मले बोलता येत होतं ना बाई," मी म्हटलं, "म्हणून."